कडूबानं भरून दिलेली कॅसेट

गाणं पळत होतं. गुलमंडीतल्या दुकानात गादीवर बसून साड्यांचे पदर बघता बघता बन्सीच्या ते कानावर आलं, आणि त्याला पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, की शेजारच्या कॅसेटवाल्याचं मशीन बिघडलंय. आवाज रामकिसन वैजापूरकरचा होता, त्यात शंकाच नव्हती. गाणंही ‘परसदार’ ह्या कॅसेटीतलं पहिलंच होतं, ‘दार उघडं ठेव गं, मी आलोच माघारी’. पण हा रामकिसन कुणी तरी तरुण, घाईतला, हसत बाहेर पडणारा माणूस होता, बाजारातून मीठ-मिरची घेऊन तासाभरात परत येणारा. बन्सीचा रामकिसन असा नव्हता. दुकानदार एकामागून एक घड्या मोडत होता, हिरवी, अंजिरी, मोरपंखी, आणि विचारत होता, कुणासाठी पाहिजे, वय काय. बन्सीनं सांगितलं, साडी मेहुणीला द्यायची आहे. का द्यायची ते सांगितलं नाही. उद्या त्याच्या बायकोचं, मंजुळाचं वर्षश्राद्ध होतं. ती सवाष्ण गेली, म्हणून तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालून साडी-चोळी द्यायची होती, आणि ती सवाष्ण म्हणजे मंजुळाची धाकटी बहीण सरूबाई. साड्या तशाच पसरलेल्या ठेवून बन्सी उठला आणि शेजारी गेला. म्हणाला, “भाऊ, तुमचं मशीन पळायलंय.” कॅसेटवाला विडा चघळत होता. “मशीनकू क्या होता? परसोंच सर्व्हिसिंग करके लाया,” असं म्हणून त्यानं ती कॅसेट काढली, रामकिसनची वरातीची कॅसेट घातली, आणि ते गाणं मात्र गल्लोगल्ली वाजतं तसंच, जिथल्या तिथं वाजलं. मग त्यानं पुन्हा ‘परसदार’ लावली. ती पुन्हा पळाली. “असली है मियाँ, कंपनी की. कोई लेता नहीं इसकू,” तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. बन्सी परत येऊन गादीवर बसला आणि सगळ्यांत वर पडलेली साडी बांधून द्या म्हणाला. ती कोणत्या रंगाची होती, ते त्याला बसमध्ये बसल्यावरही सांगता आलं नसतं.

रामकिसनच्या चाहत्यांची मुकुंदवाडीतली जमात तशी काही मोठी नव्हती, पण जी होती ती हट्टी होती. दर रविवारी सकाळी स्टेशनासमोरच्या सांडूच्या हॉटेलात बाकडं धरून बसायचं, एका चहात दोघांनी भागवायचं आणि रामकिसननं कुठं काय केलं यावर भांडायचं, हा त्यांचा नेम. बाकी कॅसेटांबद्दल वाद नव्हता, त्या लग्नावरातींत वाजून वाजून मोठ्या झाल्या होत्या. वाद होता तो ‘परसदार’चा. आठ गाणी, पेटी, ढोलकी आणि कुठं तरी मागं एक बासरी. ती कुणी घेतली नाही, कंपनीनं पुन्हा काढली नाही, आणि रामकिसननंही नंतरच्या कार्यक्रमांत त्यातलं एकही गाणं म्हटलं नाही. बन्सीच्या मते रामकिसन आयुष्यात एकदाच खरा गायला तो ह्या कॅसेटीत, आणि जगाला कान नव्हते. विरुद्ध बाजूला आप्पासाहेब. गावाकडं चांगली बागायत, पुंडलिकनगरात घर, भजनी मंडळात पेटी वाजवायचे, त्यामुळं त्यांचं बोलणं नेहमी निकाल दिल्यासारखं असायचं. “उरकून टाकलंय रे ते,” ते म्हणायचे, “कंपनीचा करार फेडायचा व्हता त्याला. एक गाणं बूड टेकवून बसत नाय.” बन्सी चिडायचा. “आप्पा, मिरवायचं सोडून गायलाय तो हितं. आवाज मुद्दाम खाली आणलाय.” “खाली? काळी दोनमधी, चांगल्या चढ्या पट्टीत गायलाय, मी पेटीवर लावून बघितलंय.” “पेटी राहू द्या तुमची. ‘माघारी’ म्हणायच्या आधी तो श्वास घेतो, तेवढा एक ऐका.” “श्वास घ्यायला त्याला तिथं फुरसत कुठंय?” असं नऊ वर्षं चाललं होतं. कॅसेट आणून सगळ्यांनी एकत्र ऐकावी, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. एक तर सांडूकडं नुसता रेडिओ होता, आणि दुसरं म्हणजे उसनी दिलेली कॅसेट फीत गुंतूनच परत येते म्हणून ती कुणी कुणाला द्यायची नाही, हा त्यांचा आपसातला दंडक होता. आप्पासाहेबांकडं कंपनीची होती, बन्सीकडं कडूबानं भरून दिलेली. कडूबा त्याच बाकड्यावर बसायचा. बापानं मेंढरं राखली, ह्यानं कोऱ्या कॅसेटींत गाणी भरून द्यायचं दुकान टाकलं. त्याला कौल मागितला की बशीतला चहा फुंकत म्हणायचा, “तुमी जानते मानसं. मी नुसता भरून देनारा.” त्याच्या ह्या बोलण्यावर सगळे हसायचे.

बस क्रांती चौकात थांबली, भरली आणि पुन्हा हलली. मांडीवर साडीचं पुडकं होतं. बन्सीच्या डोक्यात दोन्ही गाणी एकदम चालू होती, एक पळणारं आणि एक त्याचं, आणि त्याला कळत होतं की त्यातलं एक खोटं आहे. त्यांची मुलगी आवडा गेली तेव्हा चार वर्षांची होती. तीन दिवसांचा ताप, आणि पोर गेली. बन्सी रडला नव्हता. पुरुष माणसं भोवती होती, आई म्हणाली होती, तूच असा खचला तर तिनं कुणाकडं बघायचं, म्हणून त्यानं खांदे ताठ ठेवले आणि ते तसेच राहून गेले. आठवड्यानं तो चिकलठाण्याच्या कंपनीत पाळीवर गेला. मंजुळाशी बोलायचं म्हटलं की पाणी आलं का, गॅस संपला का, ह्यापलीकडं शब्द जायचे नाहीत. दोनेक महिन्यांनी त्यानं कडूबाकडून ‘परसदार’ भरून आणली, ती केवळ रामकिसनची एवढी एक राहिली होती म्हणून. संध्याकाळी लावली. मंजुळा स्वयंपाकघरात होती. ‘मी आलोच माघारी’ असं रामकिसन म्हणाला, जड, खोल आवाजात, एकेका अक्षराला थांबत, आणि बन्सीला स्वच्छ कळलं की हा माणूस येणार नाही, दार उघडं राहणार आहे आणि तो येणार नाही, आणि हे त्यालाही ठाऊक आहे. बन्सीनं टॉवेलात तोंड घातलं आणि तो ओरडून रडला. मंजुळानं गॅस बंद केला, येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला, पिठाचाच हात, आणि गाणं संपेपर्यंत उचलला नाही. पुढं अशा कितीतरी संध्याकाळी आल्या. लोकांना काय सांगणार, म्हणून तो सांगायला लागला की ही कॅसेट मंजुळाला फार आवडते, आणि सांगता सांगता ते त्याला खरंच वाटायला लागलं. रविवारी तावातावानं भांडायचा ते तिच्याही वतीनं. एकदा ती कणीक मळता मळता तेच गाणं म्हणत होती, भराभरा, ठेक्यात. बाहेरच्या खोलीतून तो म्हणाला होता, “अगं हळू. चालीचं वाटोळं करायलीस. गाडी सुटायली का तुझी?” ती हसली आणि थांबली. आता बसच्या खिडकीशी त्याला ते गाणं पुन्हा ऐकू आलं, बांगड्यांच्या आवाजासकट. गुलमंडीत आत्ता वाजत होतं, अगदी त्याच वेगात ती म्हणत होती. एका स्टॉपाआधीच तो उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

कडूबाचं दुकान आता नावालाच कॅसेटींचं राहिलं होतं. रेडिओ, घड्याळं, मिक्सर, येईल ते तो दुरुस्त करत होता. बन्सी फळीवर बसला आणि काही प्रस्तावना न करता त्यानं विचारलं, “तू ‘परसदार’ भरली तवा तुझ्या मशीनचा पट्टा सैल व्हता का रं?” कडूबानं हातातला पेचकस खाली ठेवला. ह्या प्रश्नाची त्याला सवय असावी, किंवा तो त्याची वाट बघत असावा, असा त्याचा चेहरा झाला. “व्हय,” तो म्हणाला. “एखादा म्हैना. पट्टा लांबला की वाजवायचं मशीन हळू फिरतं, मग भरलेलं गानं बी तसंच हळू निघतं. बाकीच्यायनी वापस आनल्या. ज्यायनी आनल्या त्यायला नीट भरून देल्या.” “आन् मला?” “वहिनी आल्ती की.” बन्सीला वाटलं, आपण इथून उठावं आणि घरी जावं, हे ऐकू नये. तो बसून राहिला. कडूबा काचेवरची धूळ बोटानं पुसत बोलत होता. “पयल्याच हप्त्यात आली. म्हनली, भाऊ, हे गानं वढल्यावानी वाजायलंय, मी माहेरी रेडिओवर ऐकलंय, असं नाय ते. म्या पट्टा बदलला, दुसरी भरून देली. चार दिसांनी तीच घिऊन वापस आली. म्हनली, ही ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. त्यायला पयलीच आसू द्या. पोर गेल्यापून मानूस दगड झाल्ता, त्या गान्यावर रडाय लागलाय. आता नीट करून देलं तर पुन्हा बंद व्हईल.”

“आन् तिला?” बन्सीनं विचारलं. “तिला आवडायची ना?”

“बन्सीभाऊ, जाऊ द्या आता.”

“सांग.”

“म्हनली, मला ते ऐकवत नाय. त्या आवाजात कुनीतरी पोरीला न्यायला आल्यावानी वाटतं. पन त्यायच्यासाठी ऐकते.” कडूबानं मान वर केली नाही. “कुनाला बोलायचं नाय म्हनून शपथ घातल्ती वहिनीनं. तुमी आन् आप्पासाहेब भांडायचे तवा माझा जीव खालीवर व्हायचा. दोगं बी खरंच बोलत व्हते, काय सांगू मी?” मग स्टुलावर चढून त्यानं वरच्या फळीवरून एक कॅसेट काढली, शर्टाला पुसली आणि बन्सीच्या हातात दिली.

घरी येऊन त्यानं कुलूप काढलं, साडीचं पुडकं कॉटवर टाकलं आणि त्याच कॉटच्या कडेला बसला. ह्या कॉटवर मंजुळा पाच महिने पडून होती. पोटात गाठ निघाली तेव्हा उशीर झालेला होता, दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलं, आणि बन्सीला वाटायला लागलं की आपल्या हातात तिच्यासाठी करण्याजोगं आता एकच उरलंय. पाळीवरून यायचा, हातपाय धुवायचा, स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि तिच्या उशाशी ‘परसदार’ लावायचा. ती गेल्यापासून वर्षभर त्याला ह्या एका गोष्टीचा आधार होता. माणूस जाताना त्याच्या आवडीचं काहीतरी त्याच्या कानावर पडलं, आपण पाडलं, एवढं तरी आपण केलं. आता एकेक शब्द परत येत होता, आणि प्रत्येक शब्दाचा चेहरा बदललेला होता. लावू का, असं तो विचारायचा. ती म्हणायची, “लावा, तुमाला लावायचं तर.” त्यानं त्यातलं ‘लावा’ तेवढं ऐकलं होतं. ती भिंतीकडं तोंड करायची. त्याला वाटायचं, आपल्याला डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून. कधी म्हणायची, “आवाज थोडा कमी करा.” तो कमी करायचा. शेवटच्या संध्याकाळीही त्यानं ते लावलं होतं. तिचा श्वास लागला होता, रामकिसन ओढून ओढून म्हणत होता की मी आलोच माघारी, आणि बन्सी तिचा हात धरून रडत होता. स्वतः रडत होता. ती कुणाला बघत होती त्या आवाजात? कुणीतरी पोरीला न्यायला येतं, असं म्हणाली होती ती. बन्सीला राग आला, आणि तो कुणाचा ते त्याला ठरवता येईना. कडूबाचा आला, रामकिसनचा आला, मग मंजुळाचाच आला. सांगायचं होतं. एक शब्द बोलायचा होता, अहो, ते बंद करा. त्यानं काय झालं असतं? तो पुन्हा दगड झाला असता, हे उत्तर तिनंच नऊ वर्षांपूर्वी कडूबाजवळ देऊन ठेवलं होतं. ती त्याला रडू देत होती, आणि त्यासाठी दर संध्याकाळी आपल्या पोरीला पुन्हा जाऊ देत होती. बन्सीला तिची माफी मागायची होती. तिच्या आवडीचं काय होतं ते विचारायचं होतं. घरात विचारायला कुणी नव्हतं, आणि जुनी कॅसेट हाताशी असूनही ती लावायची आता सोय राहिली नव्हती, म्हणजे रडायचीही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विधी आटोपला. ब्राह्मण दक्षिणा घेऊन गेला, पानं वाढली, सरूबाईला पाटावर बसवून तिची ओटी भरली. साडी उघडली तेव्हा ती डाळिंबी निघाली. सरूबाई म्हणाली, “दाजी, ताईचाच रंग आणला की तुमी,” आणि ती आत जाऊन नेसून आली. बन्सीनं महिनाभर आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की जेवणं झाल्यावर मंजुळाच्या आवडीची कॅसेट लावणार, आणि आप्पासाहेब, तुम्हाला त्या दिवशी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावी लागेल. त्यामुळं आप्पासाहेब धुतलेलं धोतर नेसून, हात पुसत, भिंतीला टेकून मोठ्या गांभीर्यानं बसले होते. मयताचा मान राखून आज हरायचं, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. कडूबा दाराजवळ बसला होता आणि बन्सीच्या हाताकडं बघत होता. बन्सीनं खिशातून कडूबानं काल दिलेली कॅसेट काढली आणि लावली. ढोलकी सुरू झाली. रामकिसन हसतच घराबाहेर पडला.

आप्पासाहेबांनी पहिलं कडवं ऐकलं आणि मान हलवली. मग म्हणाले, “गोड आहे. नाय म्हणत नाय मी. गोड आहे.”

“हलकं आहे,” बन्सी म्हणाला. “काळी दोनच आहे आप्पा. तुमचंच बरोबर व्हतं.”

आप्पासाहेब एकदम सरळ बसले. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात आल्यावर त्यांना ते धरवेना. “असं कसं?” ते म्हणाले. “आन् तो श्वास? ‘माघारी’च्या आधी तू म्हणायचास तो?”

“श्वास नाय तिथं.”

“आरं, भांड की जरा. आजच्या दिवशी तू असं म्हणतोस, म्या घरी काय तोंडानं जाऊ?” त्यांचा आवाज चिरकला आणि ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. बन्सीला त्यांची दया आली. त्याला सगळं सांगता आलं असतं, पट्टा, मशीन, मंजुळा, पण ते सांगितलं की त्याचा किस्सा होणार, सांडूच्या बाकड्यावर पुढची दहा वर्षं पुरेल असा. तो गाणं ऐकत बसला. गाणं चांगलं होतं. त्यात ऊन होतं, घाई होती, घरी परत यायची खात्री होती. रडू येतंय का ते तो बघत राहिला, आणि आलं नाही. डोळे कोरडे होते. हे गाणं रडायचं नव्हतंच, मुळापासून नव्हतं.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज थांबला. सरूबाई हात पुसत उंबऱ्यात आली, नव्या साडीत, आणि ऐकत उभी राहिली. तिच्या ओठांवर शब्द होते, अगदी वेगात वेग मिळवून. “किती दिसांनी ऐकायले हे,” ती म्हणाली. “दाजी, ताईचं लई लाडकं. ती दिवाळीला माहेरी आल्ती ना, आवडा व्हती तवा, शेवटच्या दिवाळीला, नवं नवं व्हतं, रोज सकाळी रेडिओवर लागायचं. हे लागलं की ताई हातातलं टाकून आंगणात यायची आन् आवडाला कडंवर घिऊन नाचायची. पोर अशी हसायची, अशी हसायची, खाली उतरू म्हनलं तर उतरायची नाय.”

मंजुळा नाचायची, हे बन्सीला ठाऊक नव्हतं. संसारात इतकी वर्षं काढून त्यानं तिला कधी नाचताना बघितलं नव्हतं. त्या दिवाळीला कंपनीत जादा काम होतं, म्हणून तो सासुरवाडीला गेला नव्हता. त्यानं तिथंच बसून विचारलं, “कशी?”

सरूबाईला आधी कळलं नाही. मग तिनं आप्पासाहेबांकडं बघितलं, कडूबाकडं बघितलं. तिला संकोच वाटला, तरी तिनं डावा हात वाकवून कमरेला लावला, मूल घेतल्यासारखा, उजवा हात वर केला आणि एक पाऊल पुढं टाकलं. मग एक मागं. कंबर थोडी वळली. हात मात्र मुलाला सांभाळून होता, हलत नव्हता. बन्सी त्या हाताकडं बघत होता. तिनं तिसरं पाऊल उचललं आणि गाणं संपलं. बन्सीच्या कानांच्या सवयीनं ते अजून थोडं चालायला पाहिजे होतं, ती एक गिरकी घेण्याइतकं तरी.

“कडूबा,” तो म्हणाला, “परत लाव.”

कडूबानं फीत मागं फिरवली. ढोलकी पुन्हा सुरू झाली. सरूबाई तोवर उंबऱ्यावर बसली होती आणि डाळिंबी पदर तिनं तोंडाला लावला होता. तिला पुन्हा उठायला सांगायचा बन्सीला धीर झाला नाही.